ओडिसियस किती बदलला?

(महाकाव्यांवरील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या अभ्यासवर्गांत रामायण-महाभारताचा विषय निघाला की सीता, द्रौपदी, गांधारी यांची बाजू आपण हिरीरीने मांडतो. आज मी तुम्हाला परक्या घरच्या महाकाव्यांकडे नेणार आहे. कारण साधे आहे. ग्रीकांचा नायक आपल्या देव्हाऱ्यात बसलेला नाही. त्याच्याविषयी बोलताना कुणाच्या भावना दुखावतील म्हणून शब्द तोलावे लागत नाहीत. त्यामुळे आपल्या कामात रोज भेटणारा एक प्रश्न इथे जरा निवांतपणे विचारता येतो. माणसाने खूप सोसले की तो बदलतो का? आणि बदललाच, तर त्या बदलाचा वाटा कुणाकुणाच्या पदरात पडतो?

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही दोन महाकाव्ये होमर या कवीच्या नावावर आहेत. ती साधारण इसवीसनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातली मानली जातात. प्रत्येकाचे २४ सर्ग आहेत. ट्रॉय शहराला ग्रीकांनी वेढा घातला, त्याच्या दहाव्या वर्षातले थोडेसे दिवस ‘इलियड’मध्ये येतात. युद्ध संपल्यावर इथाका बेटाचा राजा ओडिसियस आणखी दहा वर्षे भटकून घरी कसा पोचला, ते ‘ओडिसी’त येते. दोन्ही काव्ये एकाच कवीची की वेगवेगळ्या, यावर विद्वानांचा जुना वाद आहे. त्यात मी शिरत नाही. ऐकणाऱ्या ग्रीकांच्या मनात मात्र ओडिसियस एकच होता, आणि एका काव्यातून दुसऱ्यात जाताना तो त्यांना वेगळा दिसत होता. हे वेगळेपण नेमके काय आहे ते आपण पाहू.

‘इलियड’मधला ओडिसियस म्हणजे राजाचा विश्वासू कारभारी. नाजूक काम निघाले की याला पाठवायचे. आणि यातली बरीचशी कामे बायकांची ने-आण करण्याची आहेत. पहिल्याच सर्गात सेनापती अॅगमेम्नॉनने पकडून ठेवलेली क्रायसिस नावाची मुलगी तिच्या पुजारी बापाला परत करायची ठरते. तिला जहाजातून नेऊन बापाच्या हाती देणारा ओडिसियसच. तिच्या बदल्यात अॅगमेम्नॉन अकिलीसच्या ताब्यातली ब्रायसिस ओढून नेतो, अकिलीस रुसून युद्धातून बाहेर पडतो आणि ग्रीक हरू लागतात. मग समेटाची यादी घेऊन जाणाऱ्यांत पुन्हा ओडिसियस. यादी तोच वाचून दाखवतो. सात तिवया, वीस हंडे, बारा घोडे, सोने, लेस्बॉस बेटावरच्या हस्तकलेत तरबेज सात बायका, शिवाय ब्रायसिस. ट्रॉय पडल्यावर तिथल्या वीस बायका निवडून घ्याव्यात, हेही त्यात आले. हे सगळे तो एका दमात सांगतो. हंडे आणि बायका यांच्यामध्ये त्याचा आवाज कुठे अडखळत नाही.

याच काव्यात थर्सायटीस नावाचा एक सामान्य सैनिक भर सभेत उठतो आणि अॅगमेम्नॉनला विचारतो की तुझी छावणी तांब्याने आणि निवडक बायकांनी भरली आहे, आता आणखी काय हवे? प्रश्न रोकडा होता. ओडिसियस त्याला राजदंडाने झोडपतो. पाठीवर रक्ताळलेला वळ उठतो, आणि बाकीचे सैनिक हसतात. लुटीच्या वाटणीविरुद्ध तोंड उघडले की काय होते याचा धडा तो सगळ्या सैन्याला देतो.

होमरच्या दोन काव्यांशिवाय ट्रॉयच्या युद्धावर आणखीही काव्ये होती. ती हरवली, काही तुकडे आणि नंतरच्या लेखकांनी केलेले सारांश उरले आहेत. त्यांतल्या एका काव्यात ओडिसियस युद्धावर जायचे टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेतो. त्याच्या तान्ह्या मुलाच्या, टेलिमाकसच्या, जिवावर बेतते तेव्हा ते सोंग उघडे पडते. म्हणजे हा माणूस लढायला आसुसलेला नव्हता आणि बाप म्हणून त्याला काळीज होते. दुसऱ्या एका हरवलेल्या काव्याच्या सारांशात ट्रॉय पडल्यावर हेक्टर आणि आंड्रोमाकी यांच्या लहानग्या मुलाला ठार करणाराही हाच ओडिसियस आहे. आपल्या बाळासाठी थांबलेला हात परक्या बाळासाठी थांबला नाही.

आता ‘ओडिसी’कडे या. इथे कवीने सगळा पट उलटा केला आहे. जे ओडिसियसने दुसऱ्यांचे केले होते, ते एकेक करून त्याच्याच वाट्याला येते.

पहिल्यांदा तो आपल्याला दिसतो तो कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर, समुद्राकडे तोंड करून रडत बसलेला. सात वर्षे तो तिथे अडकला आहे. दिवसभर किनाऱ्यावर रडायचे आणि रात्री तिच्या शेजारी निजायचे. तिला हवे असते, त्याला नको असते. पण पर्याय नसतो. ती आता त्याला आवडेनाशी झाली होती, असे कवी म्हणतो, म्हणजे सुरुवातीला तसे नसावे, हेही आपण लक्षात ठेवू. तरी ही अवस्था ओळखीची नाही का? ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या अंथरुणात मनाविरुद्ध निजणे, हे ‘इलियड’मध्ये ब्रायसिसच्या आणि त्या सात बायकांच्या वाट्याला आलेले जिणे. यादी वाचणारा आता स्वतःच त्या यादीत जाऊन बसला आहे.

पुढे तो इथाकाला भिकाऱ्याच्या वेषात पोचतो. त्याच्याच घरात, त्याची बायको पेनेलपी हिच्याशी लग्न करायला टपलेले १०८ उमेदवार वर्षानुवर्षे फुकट जेवत बसलेले असतात. हा भिकारी त्यांच्यासमोर दोन शब्द बोलतो, तर एकजण पायाखालचा चौरंग उचलून त्याच्या खांद्यावर मारतो. थर्सायटीसच्या पाठीवरचा वळ ज्याने काढला, त्याच्याच खांद्यावर आता घाव बसला.

या दोहोंच्या मधला एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाटेत एका परक्या राजाच्या दरबारात ओडिसियस पाहुणा म्हणून बसला आहे. तो कोण हे कुणाला ठाऊक नाही. डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ट्रॉय कसे पडले ते गातो. लाकडी घोडा, घोड्यातून उतरलेले ग्रीक, त्यांत ओडिसियसचा पराक्रम. स्वतःचीच कीर्ती ऐकताना ओडिसियस ढसाढसा रडू लागतो. कसा रडतो? कवी उपमा देतो ती अशी : शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर एक बाई कोसळली आहे, तो अखेरचे आचके देतो आहे, ती आक्रोश करते आहे, आणि मागून शत्रूचे सैनिक भाल्यांनी तिच्या पाठीला, खांद्यांना ढोसत तिला गुलामीकडे हाकत आहेत. त्या बाईसारखा तो रडतो.

मैत्रिणींनो, ट्रॉयच्या बाया अशाच हाकलल्या गेल्या होत्या. हाकणाऱ्यांत ओडिसियस होता. कवीने विजेत्याच्या डोळ्यांत हरलेल्या बाईचे पाणी आणले. अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यात हे वाचताना मी दर वेळी थबकते. वाटते, झाले, याला कळले.

पण पुढच्याच सर्गात ओडिसियस आपली हकिगत सांगायला लागतो. ट्रॉयहून निघालो, वाऱ्याने आम्हाला इस्मारॉस नावाच्या गावी नेले, तिथे मी गाव लुटले, पुरुष मारले, त्यांच्या बायका आणि मालमत्ता घेतली आणि कुणावर अन्याय होऊ नये म्हणून सगळ्यांत सारखी वाटली. गालावरचे पाणी नुकतेच पुसले आहे, आणि बायका वाटून घेतल्या हे तो न्यायबुद्धीचे उदाहरण म्हणून सांगतो! रडताना तो ज्या बाईसारखा झाला होता, ती बाई बोलताना त्याला आठवलीही नाही.

तरी त्याच्या पदरात त्याचे माप नीट घालू. तो खरोखर बदललेला आहे. ‘इलियड’मधला ओडिसियस कीर्तीच्या हिशेबात मुरलेला होता. ‘ओडिसी’त तो मृतांच्या लोकात जातो. तिथे भेटलेला अकिलीस त्याला म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन गरिबाकडे मजुरी करून जगणे मला परवडले असते. कीर्तीसाठी आयुष्य दिलेल्या वीराचे हे बोलणे तो ऐकतो. तिथेच एजॅक्सची भेट होते. अकिलीसची शस्त्रे आपल्याला मिळाली आणि त्या अपमानाने एजॅक्स जिवानिशी गेला, म्हणून ती जिंकली नसती तर बरे झाले असते, असे ओडिसियस बोलून जातो. अपमान गिळायला, थांबायला तो शिकला आहे. उमेदवारांची प्रेते पडलेली पाहून म्हातारी दाई युरिक्लिया आनंदाने ओरडणार, तेवढ्यात तो तिला अडवतो. मेलेल्या माणसांवर जल्लोष करणे पाप आहे, असे सांगतो. हे एका परिपक्व माणसाचे बोलणे आहे.

आणि त्याच तोंडाने तो तिला पुढचा प्रश्न विचारतो : घरातल्या दासींपैकी बेइमान कोण आणि निर्दोष कोण, ते सांग.

घरात पन्नास दासी आहेत. युरिक्लिया बारा जणींकडे बोट दाखवते. त्यांचा गुन्हा हा की त्या उमेदवारांबरोबर निजत होत्या आणि मालकिणीला जुमानत नव्हत्या. ओडिसियस त्या बारा जणींना बोलावतो. आधी त्यांच्याकडून प्रेते बाहेर वाहून नेववतो, मेज-खुर्च्या पाण्याने आणि स्पंजाने पुसून घेतो. मग त्यांना तलवारीने कापायला सांगतो. मुलगा टेलिमाकस म्हणतो, एवढे चांगले मरण यांना नको. जहाजाचा दोर अंगणात ताणून तो बारा जणींना एका रांगेत फासावर लटकवतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या लटकतात. त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, एवढे सांगून कवी पुढे जातो.

इथे नेहमी एक आक्षेप येतो. अहो, तो काळच तसा होता, आजच्या मोजपट्टीने त्यांना का मोजता? आक्षेप रास्त आहे. म्हणून आपण आपली मोजपट्टी बाजूला ठेवू आणि काव्याची स्वतःची मोजपट्टी लावू.

त्याच सर्गात ओडिसियस उमेदवारांवर आरोप ठेवतो तेव्हा त्यांत एक आरोप असा आहे की तुम्ही माझ्या दासींशी जबरदस्तीने निजत होता. जबरदस्तीने, हा शब्द त्याचाच आहे. आणि त्याच सर्गात फेमियस नावाचा गायक त्याचे पाय धरतो. सांगतो की मी या लोकांसमोर गात होतो ते राजीखुशीने नव्हे. ते खूप होते, ताकदवान होते, मला भाग पाडले गेले. टेलिमाकस त्याच्या बाजूने साक्ष देतो. गायकाला अभय मिळते. सगळ्यांनाच मिळाले असे नाही. लिओडीस नावाचा एकजण अशीच विनवणी करतो आणि मारला जातो. पण नाइलाज हे कारण असू शकते, ते ऐकून घ्यायचे असते, तपासायचे असते, ही समज त्या काळात, त्या घरात, त्याच दिवशी होती. बारा जणींना ते विचारलेच गेले नाही. उमेदवारांना दोष देताना जी जबरदस्ती होती, ती बायकांचा निवाडा करताना बेइमानी झाली.

त्या बारा जणी सगळ्या भेदरलेल्या, रडणाऱ्या होत्या असे मी म्हणत नाही. आदल्या रात्री त्या हसतखिदळत बाहेर जाताना ओडिसियसने ऐकल्या होत्या. मेलँथो नावाची दासी भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियसला टाकून बोलते. तिला पेनेलपीने लहानपणापासून मुलीसारखे वाढवले होते. तिचे एका उमेदवारावर प्रेमही असेल. पण जिला विकत घेतले आहे, जिला नाही म्हणायची सोय नाही, तिच्या हसण्यावरून तिची संमती ठरवायची का?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की निमूटपणे सोसणे म्हणजे संमती का? त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. नाइलाज आणि राजीखुशी यांतला फरक कायद्यात लिहून घ्यायला आपल्याला रस्त्यावर यावे लागले. होमरच्या गायकाला तो एका वाक्यात मिळाला होता.

त्याच घरात बारा बायका दळायलाही होत्या. जाते म्हटले की आपल्याला जास्त सांगावे लागत नाही. अकरा जणींचे दळण संपले, त्या निजल्या. सगळ्यांत अशक्त होती ती एकटी पहाटेपर्यंत दळत राहिली. जाते थांबवून तिने देवाला साकडे घातले की ज्यांच्यासाठी पीठ दळून माझे गुडघे गेले, त्या उमेदवारांचे हे शेवटचे जेवण ठरो. ओडिसियसने ते ऐकले आणि शुभशकुन म्हणून त्याला आनंद झाला. तिचे बोलणे त्याच्या उपयोगी पडले. तिच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले, ते काव्यात नाही.

फाशी झाल्यावरचा प्रसंगही पाहा. उरलेल्या दासी दिवे घेऊन बाहेर येतात, ओडिसियसला मिठ्या मारतात, त्याचे हात धरतात. त्याला रडू फुटते, कारण तो त्या सगळ्यांना ओळखतो. हा दगडाच्या काळजाचा माणूस नव्हे. त्याचे रडणे खरे आहे. पण ते मालकीच्या कुंपणापाशी येऊन थांबते. जी माझी आहे, माझ्याशी इमानी आहे, तिच्यासाठी पाणी. जी माझी असून दुसऱ्याकडे गेली, तिच्यासाठी दोर. कॅलिप्सोच्या बेटावर परक्याच्या मालकीचे होणे काय असते हे त्याने सात वर्षे भोगले. मालकी चुकीची, असा निष्कर्ष त्यातून त्याने काढला नाही. आपण चुकीच्या बाजूला पडलो, एवढाच काढला. घरी पोचल्यावर तो बरोबर बाजूला जाऊन उभा राहिला.

सोसणे माणसाला आपोआप शहाणे करत नाही, ही गोष्ट आपण पुरुषांच्या बाबतीत चटकन मान्य करतो. पण युरिक्लियाकडे पाहा. तिला ओडिसियसच्या बापाने वीस बैलांच्या किमतीला विकत घेतले होते. तीही दासीच. बारा जणींकडे बोट तिनेच दाखवले. सासुरवास भोगलेली सून पुढे सासू झाल्यावर काय करते, गावाकडून शहरात येऊन मोलमजुरी केलेली बाई पुढे आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईशी कशी वागते, हे आपण सल्ला केंद्रात रोज ऐकतो. सोसण्याचा अर्थ लावावा लागतो आणि तो एकटीने लावता येत नाही. ‘इलियड’मध्ये याची एक झलक आहे. ब्रायसिस अकिलीसच्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या, प्रेतावर रडते. तिचा नवरा आणि तिन्ही भाऊ एकाच दिवशी मारले गेले होते, ते ती बोलून दाखवते. भोवतालच्या बंदिवान बायकाही रडू लागतात. कवी म्हणतो की निमित्त पॅट्रोक्लसचे होते, रडत होती जी ती आपापल्या दुःखासाठी. या बायका एकत्र जमल्या आहेत, प्रत्येकीचे दुःख एकाच कारणातून आले आहे. पण ते एकमेकींना सांगायची सवड काव्याने त्यांना दिली नाही.

ते काम पुढच्या बायकांनी केले. मार्गारेट अॅटवुड यांनी २००५ साली ‘पेनेलोपियाड’ या कादंबरीत त्या बारा जणींना बोलते केले. २०१७ साली एमिली विल्सन यांचा ‘ओडिसी’चा इंग्रजी अनुवाद आला. संपूर्ण ‘ओडिसी’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारी ही पहिली स्त्री. त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. टेलिमाकस दासींना फासावर देताना जे बोलतो, त्यात मूळ ग्रीकमध्ये ‘ज्या बायका’ एवढ्याच अर्थाचे सर्वनाम आहे. आधीच्या अनेक इंग्रजी अनुवादकांनी तिथे वेश्या, छिनाल अशा अर्थाचे शब्द घातले होते. म्हणजे काव्यात नसलेली शिवी विसाव्या शतकात घातली गेली. तेव्हा काळ तसा होता, हे म्हणताना कोणता काळ, हेही विचारायला हवे.

यापुढे आपल्या गटांत कुठलेही महाकाव्य वाचायला घेतले की तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत, असे मला सुचवायचे आहे. नायक बदलला म्हणतात, तो कुणाशी वागताना बदलला? नाइलाज कुणाचा ऐकून घेतला आणि कुणाचा नाही? आणि घरातल्या कामकरी बायकांची नावे कवीने सांगितली आहेत का? बारा जणींपैकी एका मेलँथोचे नाव आपल्याला कळते. बाकीच्या अकरा जणींचे कळत नाही.

आता तुमचे म्हणणे ऐकायचे आहे. विशेषतः पेनेलपीबद्दल मी आज जवळजवळ काहीच बोलले नाही. फाशी चालू असताना ती माडीवर झोपलेली होती, आणि लहानपणापासून वाढवलेल्या मेलँथोसाठी ती नंतरही एक शब्द बोलत नाही. चर्चेची सुरुवात तिथून करू या.